अकरावा नग

आमच्या शेडमध्ये काय चालतं हे नातेवाइकांना समजावून सांगणं मी कधीच सोडून दिलं. 'अणूहून बारीक कणांना वेग देणारी मोठी यंत्रं असतात, त्यांचे भाग आम्ही तपासतो,' असं म्हटलं की समोरच्याचे डोळे चमकतात. मग तो विचारतो, 'म्हणजे बॉम्बचं काही का?' नाही म्हटलं की त्याचा रस संपतो आणि तो ताटातल्या जिलेबीकडे वळतो. जिलेबीपुढे माझा टिकाव लागत नाही.

शेड सिन्नरच्या एमआयडीसीत आहे. एका बाजूला प्लास्टिकची झाकणं बनवणारा कारखाना, दुसऱ्या बाजूला कोंबडीखाद्याचा. यंत्रं उभी राहतात दुसरीकडे, मोठ्या संस्थांमध्ये. आमच्याकडे येतो त्यांचा एक हातभर लांबीचा नग. तांब्याचा मुलामा दिलेली नळी आणि तिच्या मध्ये पांढऱ्या सिरॅमिकची चकती. चकतीच्या एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला पंपाने हवा ओढून केलेली पोकळी. कणांना ढकलायला लागणारी सगळी शक्ती या चकतीतून आत जाते. ती तडकली तर यंत्रात हवा शिरते आणि कित्येक महिन्यांचं काम ठप्प होतं. म्हणून यंत्रात बसण्याआधी प्रत्येक नग आमच्या टेस्ट बेंचवर येतो.

नव्या नगाला एकदम पूर्ण शक्ती देऊन चालत नाही. धातूच्या पोटात वायू दडलेला असतो. शक्ती वाढली की तो बाहेर पडतो, पोकळी बिघडते, ठिणगी पडते. तेव्हा थोडी शक्ती द्यायची, वायू निघाला की थांबायचं, पंप तो ओढून घेईपर्यंत वाट बघायची, मग आणखी थोडी द्यायची. एका नगाला आठवडा सहज जातो. कागदावर याला कंडिशनिंग म्हणतात. शेडमध्ये आम्ही 'मुरवणं' म्हणतो, कारण लोणच्याइतकाच धीर त्याला लागतो.

मुरवण्याचं काम काकांचं. सगळी शेड त्यांना काकाच म्हणायची. मूळचे सायखेड्याचे, फौजेत रडार दुरुस्त करण्यात उमेदीची वर्षं गेली, निवृत्तीनंतर देवळाली कॅम्पात घर केलं आणि मग आमच्याकडे आले. मी नाशिकरोडहून कंपनीच्या बसने जाणारी डिप्लोमावाली. माझं काम स्वच्छ खोलीत नग जोडण्याचं. टोपी, मास्क, हातमोजे घालून मी नग जोडून द्यायची आणि काका तो मुरवायचे. त्यांच्याकडे बसून मीही मुरवायला शिकले. शिकवण्याची त्यांची पद्धत म्हणजे आपण नॉबला हात लावला की ते शांतपणे तो हात बाजूला करायचे.

'घाई नाय करायची, ताई. त्याला दम खाऊ द्या.'

'काका, मीटर तर कधीचा जागेवर आला.'

'मीटर आला असंल. नग आलाय का?'

मला राग यायचा. मी मुळात तापट, त्यात सकाळी मोहदरी घाटात बस ट्रकच्या मागे अडकलेली असायची. पण काकांनी मुरवलेला नग कधी परत आला नाही. ते बेंचपाशी बसत, एक तळहात नळीवर ठेवून, डोकं जरा तिरपं करून मीटरकडे बघत आणि दर दहा मिनिटांनी नोंदवहीत आकडे लिहीत. तिरपं डोकं ही मला त्यांची लकब वाटायची.

मग सुधारणा आली. जुनं बेंच काट्यांच्या मीटरवर आणि हाताने फिरवायच्या नॉबवर चालायचं. त्याच्या शेजारी नवं कपाट उभं राहिलं. त्यातला संगणक सेकंदासेकंदाची नोंद ठेवणार आणि पुढे मुरवण्याचं कामही स्वतः करणार. आधी काही आठवडे दोन्ही सोबत चालवायचं ठरलं. काका नेहमीसारखे मुरवतील, संगणक गुपचूप नोंदी घेईल आणि मी वही आणि संगणक ताडून बघेन. संगणक बरोबर मोजतो की नाही, हे तपासणं माझ्याकडे आलं. माणूस बरोबर मोजतो की नाही, हा प्रश्न कुणाच्याच डोक्यात नव्हता.

पहिल्याच आठवड्यात आकडे जुळेनात. मी सरळ संगणकाला दोष दिला. सेन्सर दोनदा तपासून घेतले, एक तर बदलून आणायला लावला. तरी फरक राहिलाच. वहीतले आकडे फार शहाण्यासारखे वागत होते. शक्ती वाढली की पोकळी बिघडायची, मग एकसारखी सुधारायची, जशी पुस्तकात सुधारते. संगणकात मात्र ती धडपडत, अडखळत, मध्येच मागे जात सुधारायची. खरं काय असतं, हे इतकी वर्षं नग जोडून मला कळायला हवं होतं.

नीट कळलं ते एका सोमवारी. नव्या कपाटाच्या वायरिंगसाठी आलेल्या इलेक्ट्रिशियनने सकाळी सकाळी जुन्या व्हॅक्यूम मीटरची केबल काढली आणि परत लावायला विसरला. मी अकराच्या सुमारास स्वच्छ खोलीतून बाहेर आले तर मीटरचा काटा डाव्या टोकाला निपचित पडलेला. काका समोर बसले होते. त्यांनी डोकं तिरपं केलं, मेलेल्या मीटरकडे क्षणभर पाहिलं आणि वहीत आकडा लिहिला. मी पुढे होऊन वही पाहिली. साडेआठपासून दर दहा मिनिटांना एक, सगळे आकडे जागच्या जागी.

त्यांच्या खांद्यावर हात ठेवून 'काका, तुम्हाला दिसत नाहीये का?' असं विचारायला मला एक पाऊल टाकायचं होतं. मी ते टाकलं नाही. केबल जागेवर बसवली, वरच्या केबिनमध्ये गेले आणि साहेबांना सगळं सांगितलं. सांगायलाच हवं होतं, हे मी आजही म्हणेन. ते नग कुठल्या तरी यंत्रात बसणार होते. पण आधी त्यांना विचारायला हवं होतं. ते नाकारतील आणि मला विश्वास ठेवावा लागेल, ही भीती होती. शिवाय, खरं सांगायचं तर, तीन आठवडे ज्या कोड्याने मला छळलं ते सुटल्याचा आनंदही होता. त्याची मला लाज वाटते.

साहेबांनी काकांना बोलावून घेतलं. अर्ध्या तासाने काका खाली आले आणि सरळ माझ्याकडे आले.

'डोळ्याचा पडदा गेलाय,' ते म्हणाले. 'मधलं दिसत नाय. कडंचं दिसतं. दोन वर्षं झाली.'

'मग मुरवत कसे होतात?'

'कानानं. हातानं. पोकळी बिघडली की रिले पडतो, खट वाजतं. वाजलं की थांबायचं. मीटर बघणारा जेवढा थांबंल त्याच्या दुप्पट थांबायचं. नळी तळहाताला सांगती ना.'

'सांगायचं होतं काका.'

'सांगून घरी बसून काय केलं असतं?' ते म्हणाले. 'आकडे खोटे हायेत, ताई. ते मी साहेबांना बोललो. पण नग खरे हायेत. हात चुकला नाय माझा. सगळे परत तपासा. एकबी खराब निघाला तर येऊन मला सांगा. लपवू नका.'

त्यांनी डबा पिशवीत भरला, सगळ्यांना राम राम केला आणि दुपारच्याच एसटीने गेले. कुणी सांगितलं, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांना ते कळलेलं होतं, हे माझ्याशी बोलायला ते थेट आले त्यावरूनच दिसत होतं.

त्या दोन वर्षांत त्यांनी मुरवलेले नग एकूण सतरा, आणि त्यांतला एकही अजून कुठल्या यंत्रात बसला नव्हता. ते सगळे परत मागवले. नवं बेंच तोवर तयार झालं होतं आणि ते चालवायची जबाबदारी माझ्यावर आली. काकांची जागाच मला मिळाली म्हणा ना. शेडमध्ये कुणी मला टोचून बोललं नाही, पण चहाच्या वेळी बाकावर माझ्या शेजारची जागा रिकामी राहू लागली.

आणि मला काय हवं होतं? मला ते सतरा नग चांगले निघायला हवे होते. ते चांगले निघाले तर काकांचं म्हणणं खरं ठरणार होतं. आंधळ्याने मुरवले पण अचूक मुरवले, हे कागदावर येणार होतं. नोकरी त्यांना परत मिळणार नव्हतीच. पण फौजेपासून ज्या हातांच्या भरवशावर माणूस जगला, ते हात तरी त्याचे त्याच्याकडे राहिले असते. मी एकेक नग बेंचवर चढवायची आणि पडद्यावरून नजर हलवायची नाही.

पहिला उत्तम निघाला. दुसरा, तिसराही. पूर्ण शक्तीवर तासन् तास ठेवला तरी पोकळीची रेघ सरळ. नवीन नग आठवडाभर नखरे करतात, हे मात्र शहाण्या बाळासारखे. दहाच्या दहा नग असे गेले. मी मनातल्या मनात देवळालीच्या घरी जाऊन पोचले होते, यादी वाचून दाखवत होते, काका मान डोलावत होते.

अकरावा बेंचवर निम्म्या शक्तीपर्यंत पोचला होता तेव्हा वीजवाहिनीच्या दुरुस्तीसाठी औद्योगिक वसाहतीची वीज एक दिवस बंद राहिली. आमचा जनरेटर नव्या चौथऱ्यावर हलवायचा म्हणून सुटा करून ठेवला होता. पंप दिवसभर बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी पंप लावला, दुपारपर्यंत पोकळी छान झाली आणि पडद्यावर प्रश्न आला, थांबलो तिथून पुढे चालू करायचं का?

इथे मला थोडं मागे जावं लागेल. नव्या संगणकाला मुरवायला शिकवण्यासाठी काकांचे नियम मी लिहून काढले होते. त्यात एक होता, वीज गेली की पहिल्यापासून. काका मग कुणाचं ऐकायचे नाहीत. तीन दिवसांचं काम झालेलं असलं तरी शून्यावर यायचे. प्रोग्राम लिहिणारा इंजिनिअर पुण्याचा. त्याने फोनवर विचारलं, 'पोकळी चांगली झाली असेल तर पहिल्यापासून कशाला? दोन-दोन दिवस वाया जातील.' मला कारण माहीत नव्हतं. काका तेव्हा माझ्यापासून दहा पावलांवर बसलेले होते. पण 'विचारून सांगते' म्हणणं मला कमीपणाचं वाटलं. मी म्हटलं, 'काढून टाका, जुनी सवय आहे त्यांची.' काकांनी न दिसणं लपवलं, मी न कळणं लपवलं. फरक इतकाच की त्यांच्या लपवण्याने काही तडकलं नाही.

मी 'हो' दाबलं. वीसेक मिनिटं सगळं ठीक होतं. मग आतून एक बारीकसा आवाज आला, काचेच्या पेल्यात गरम चहा ओतल्यावर येतो तसा, आणि पोकळीची रेघ सरळ खाली गेली. नग उतरवून भिंगाखाली धरला. चकतीवर केसाएवढी चीर होती, कडेपासून मध्यापर्यंत.

कारण नंतर वाचून कळलं. पंप बंद असला की धातू आणि चकती पुन्हा ओल आणि वायू धरतात. मीटरला ते दिसत नाही. शक्ती देऊन तापवल्यावरच ते बाहेर येतं, आणि शक्ती एकदम मोठी असेल तर एकदम येतं. काकांना हे पुस्तकातलं कारण ठाऊक होतं की नाही, कोण जाणे. ते शून्यावर यायचे.

साहेब खाली आले. भिंगातून पाहून म्हणाले, 'हा त्यांच्या वेळचाच दोष असेल, नाही?'

त्यांनी मला विचारलं होतं. ठरवून टाकलेलं नव्हतं. माझ्या उत्तरासाठी ते थांबले होते, भिंग हातात घेऊन. संगणकात सगळी नोंद होती, किती वाजता, कुठल्या शक्तीपासून मी सुरुवात केली ती. पण ती उघडून बघायला कुणीतरी लागतं आणि बघणारी मीच होते. मी म्हटलं, 'असू शकेल.' मग फॉर्ममध्ये कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'पूर्वीच्या चाचणीतील सुप्त दोष असण्याची शक्यता.' सुप्त हा शब्द सुचल्यावर मला बरं वाटलं होतं, हेही सांगून टाकते.

उरलेले सहा नग चांगले निघाले. त्यांच्यावेळी वीज गेली नाही. तरी पुण्याच्या इंजिनिअरला फोन करून तो काढून टाकलेला नियम मी परत घालून घेतला. त्याने या वेळी कारण विचारलं नाही.

अहवाल गेला. सतरापैकी एक नग सदोष आढळला. साहेब म्हणाले, 'बरं झालं आपण तपासले. काकांना तू जाऊन सांग, तुझ्याकडून ऐकलेलं त्यांना बरं वाटेल.' मी एक दिवस रजा टाकली आणि नाशिकरोडहून कॅम्पाची बस पकडली. बसमध्ये मी पक्कं ठरवलं होतं, सगळं सांगायचं. वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली होती.

काका दारातल्या खुर्चीत बसले होते. पावलांवरून ओळखलं त्यांनी मला. चार महिन्यांत चेहरा उतरला होता, शर्टाची गुंडी चुकीच्या काजात गेलेली. पलीकडे फौजेच्या मैदानावर तोफखान्याचा सराव चालू होता. मधूनच धडाका व्हायचा आणि खिडकीची तावदानं थरथरायची. काकूंनी पाणी आणून दिलं. त्या नुकत्याच मोठ्या दुखण्यातून उठल्यासारख्या हळूहळू चालत होत्या.

'वाचा,' काका म्हणाले. 'एकेक वाचा.'

मी वाचू लागले. ते बोटांवर मोजत होते आणि प्रत्येक नगाला काहीतरी म्हणत होते. हा लय गुणाचा होता. ह्यानं दोन दिवस घाम काढला. हा पंप बिघडला तेव्हाचा. दोन वर्षांचे नग त्यांना नातवंडांसारखे पाठ होते. दहा झाले तेव्हा त्यांचा चेहरा इतका उजळला होता की मला कागद मिटून पळून जावंसं वाटलं.

'अकरावा तडकला, काका.'

त्यांचं बोट तसंच राहिलं.

'किती शक्तीवर?'

'निम्म्याच्या जरा वर.'

'निम्म्यावर?' ते विचार करू लागले. फौजेत रडार उघडून बसल्यावर करत असतील तसा. 'निम्म्यावर तर माझ्याकडं तो पुरा दिवस होता. मधी वीज गेली होती का?'

'नाही.'

'पहिल्यापासून सुरू केलं होतं ना?'

'हो,' मी म्हटलं.

जुळवून नेलेली वाक्यं तोंडात होती, आणि त्यांच्या वाटेत हे दोन शब्द कधी येऊन बसले मला कळलं नाही. आता वाटतं, ते विचारतील याचीच मला भीती होती आणि उत्तर मी बसमध्ये न ठरवताच ठरवलं होतं.

काकांनी बोटांवर महिने मोजले. मग म्हणाले, 'अकरावा म्हंजे श्रावणातला. ही दवाखान्यात होती तेव्हाचा. मी दुपारचं उठून डबा घेऊन जायचो. माझं ध्यान नव्हतं. एखांदा रिले ऐकू आला नसंल.' त्यांनी मान हलवली. कारण सापडलं होतं. 'म्हंजे हात चुकलाच माझा.'

काकू चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

'मग ते माझ्यापायी झालं म्हना,' त्या म्हणाल्या.

'तुझ्यापायी कशाला. डोळे नसताना मी तिथं बसायलाच नको होतं.' मग ते माझ्याकडे वळले, म्हणजे माझ्या कानाच्या जरा पलीकडे, तिथून मी त्यांना दिसत असणार. 'येऊन सांगितलंत ते लय बरं केलं, ताई. दुसऱ्या कुणी लपवलं असतं.'

मी उरलेले सहा वाचले. सहाही चांगले होते. ते ऐकत होते, पण बोटांवर मोजत नव्हते. चहा गोड होता आणि मी तो सगळा प्यायले.

निघताना काकू फाटकापर्यंत आल्या. आत ऐकू जाणार नाही इतक्या हळू त्यांनी विचारलं, 'त्या नगापायी कुनाचं काय नुकसान तर नाय ना झालं?'

'नाही काकू, कुणाचंच नाही,' मी म्हटलं आणि बसस्टॉपकडे चालू लागले.